नऊ सप्टेंबरचा गोवेकर

“साहेब, तुम्ही एका जित्याजागत्या माणसाला त्याच्या खोलीतून उचललंत, दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवलंत आणि त्याला साधं विचारलंही नाहीत. याला पात्रता ठरवणं म्हणत नाहीत. याला घरफोडी म्हणतात.”

एवढं टाइप करून सुभद्रा तोंडवळकर थांबल्या आणि त्यांनी लॅपटॉप वळवून समोरच्या माणसाला दाखवला.

“अपील असं लिहितात?” आनंदा धुरींनी चाचरत विचारलं.

“मग कसं? सविनय सादर? सविनय लिहून कुणाला खोली मिळालेली मी तरी बघितली नाही. बसा. चारला सुनावणी आहे, आत्ता साडेदहा झालेत. पहिल्यापासून सांगा.”

भोईवाडा कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर सुभद्राबाईंचं टेबल एकतीस वर्षं होतं. आधी टाइपरायटर, आता लॅपटॉप आणि खोकत चालणारा प्रिंटर. हजारो प्रतिज्ञापत्रं त्यांच्या बोटांखालून गेली होती. त्यातली निम्मी खोटी. शाळा आठवीत सुटली, पण एक गोष्ट त्या या फुटपाथवरच शिकल्या होत्या. खऱ्या कागदात मजकूर कमी असतो. खोटा माणूस पुराव्यासाठी नेहमी एक गोष्ट जास्तीची घालतो.

आनंदांनी सांगायला सुरुवात केली. वय एकसष्ट. निवृत्त ड्रायव्हर. लालबागच्या चाळीत खोली नंबर सत्तावीस, वडील गिरणीत होते तेव्हापासूनची. मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर नवराबायकोने ठरवलं, आता भटकायचं. गेल्या वर्षी जूनमध्ये नवीन टेम्पो घेतला, कुर्ल्याच्या बॉडीवाल्याकडून त्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, संडास, सगळं बसवून घेतलं. दसऱ्यापासून दोघं त्या घरगाडीतच राहत होती.

“आणि आता चाळ पाडायचीय,” आनंदा म्हणाले. “पात्र माणसाला नव्या इमारतीत घर. परवा यादी लागली. माझ्या नावापुढे लिहिलंय, अपात्र, गोव्यात कायम वास्तव्य. पुतण्याने फोटो पाठवला. आम्ही गोकर्णाला होतो. तशीच गाडी वळवली.”

“आज हरलात तर?”

“आजचा निकाल शेवटचा. उद्यापासून खोल्या रिकाम्या करायला घेणार.”

रस्त्यापलीकडे क्रीम रंगाची ती घरगाडी उभी होती. तिच्या दारातून शेवंतीवहिनी चहाचे तीन कप सांभाळत उतरल्या. आनंदांनी खिशातून एक झेरॉक्स काढली.

“याच्यावरून मला काढलं.”

सुभद्राबाईंनी कागद वाचला. स्टँपपेपरवर टाइप केलेलं घोषणापत्र. खाली आनंदांचा फोटो, त्यावरून गेलेली सही. नोटरी नाही.

“मी आनंदा सखाराम धुरी, माझ्या ४७१२ क्रमांकाच्या निवासी वाहनासह मडगाव, गोवा येथे कायम राहावयास गेलो असून खोली क्रमांक २७ वर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही.”

तारीख गेल्या वर्षीची, नऊ सप्टेंबर. कोपऱ्यात पात्रता कार्यालयाचा आवक शिक्का, दहा सप्टेंबर. कागद स्वीकारायची शेवटची तारीख पंधरा सप्टेंबर होती, असं यादीच्या डोक्यावरच छापलं होतं.

“सही कुणाची?”

“माझी.”

“मग?”

“सही माझी. मजकूर माझा नाही.”

सुभद्राबाईंनी चहाचा घोट घेतला. “कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून कुणाला दिलीत?”

आनंदा कपातली साय बाजूला करायला लागले. शेवंतीवहिनी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. “सांगा आता. एकाक नाय, तिघांका दिल्यानी. माका न विचारता.”

गिरणगावातली ही जुनी खोड. गावी जाताना शेजाऱ्याकडे चावी ठेवतात, तशी सहीही ठेवतात. मागे काही लागलंच तर असावी म्हणून.

“दर वेळी सहीसाठी केरळातून परत येऊ का?” आनंदा म्हणाले. “म्हणून जुलैत तीन पेपर घेतले. फोटो चिकटवून सही केली. एक राजेशकडे. माझा पुतण्या, खोलीत तोच राहतो. एक वैभव साटमकडे, तो चाळ कमिटीचा सेक्रेटरी. आणि एक अच्युतसाहेबांकडे. ठाकूरद्वारला राहतात. बावीस वर्षं त्यांची गाडी चालवली मी. घरगाडीचा पत्ता कुठल्या राज्यातला ठेवायचा ते तेच बघत होते.”

“म्हणजे?”

“गाडीत राहणाऱ्यालाही कुठलातरी पत्ता लागतो ना. गाडीचा नंबर, विमा, मतदान, सगळं त्या पत्त्यावर. कुठे टॅक्स कमी, कुठे कटकट कमी. साहेबांनी अभ्यास केला होता.”

“तिघांत चोर कोण वाटतो?”

“तिघंही माझीच माणसं आहेत, बाई.”

“चोर नेहमी आपलाच असतो. परका माणूस कुलूप फोडतो, त्याला सही लागत नाही.” सुभद्राबाईंनी लॅपटॉप मिटला. “चला लालबागला.”

*

राजेश दारातच उभा होता. तिशीचा, बनियनवर, हातात फोन.

“मावशी, सरळ विचारा. मला माहितीये तुम्ही कशाला आलात.”

“काका अपात्र झाले तर खोली कुणाला जाते?”

“राहतो त्याला, असं लोक म्हणतात. म्हणजे मला. म्हणून मीच केलं, असंही लोक म्हणतात.”

“तू काय म्हणतोस?”

“मी म्हणतो, लोकांना कामधंदा नाही.”

“तुझ्याकडचा स्टँपपेपर दाखव.”

राजेशचा चेहरा पडला. “नाही सापडत. गणपतीआधी खोलीला रंग काढला, पोटमाळ्यावरची रद्दी विकली. त्यात गेला असेल.”

“छान. काका कुठल्या राज्याचे होणार होते?”

“पाँडिचेरीचे.” राजेश हसला. “आम्ही त्यांना पाँडिचेरीकरच म्हणायचो. पण काकी अडून बसली. माझं मत लालबागला, माझं रेशन लालबागला, मी काय कुठे जात नाही. मग मुंबईचाच पत्ता, मुंबईचाच नंबर.”

सुभद्राबाईंनी भाड्याच्या पावत्या मागितल्या. राजेशने पत्र्याच्या पेटीतून पुडकं काढलं. पावत्यांवर छापलं होतं, ‘मालक : रा. ज. वि. इस्टेट’.

“हे कोण?”

“काय माहीत. भाडं न्यायला एक म्हातारे मेहता येतात. मालक कुणी बघितलाच नाही.”

तेवढ्यात वैभव साटम आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलण्यात घाई.

“तुमच्याकडे ठेवलेली सही कुठे गेली, सेक्रेटरी?” सुभद्राबाईंनी नमस्काराआधीच विचारलं.

“कमिटीच्या कपाटात होती. कपाट आता बिल्डरच्या ऑफिसात आहे. चावी त्यांच्याकडे.”

“चाळीचं कपाट बिल्डरकडे कशाला?”

“सोयीसाठी.”

“कुणाच्या?”

वैभवने खिशातली पेनं सारखी केली. कान लाल झाले होते.

“तू बिल्डरचा माणूस आहेस का रे?”

“मी सगळ्यांचा माणूस आहे, मावशी.”

“म्हणजे कुणाचाच नाहीस. एक सांग, आनंदाभाऊ गेल्याने बिल्डरचा फायदा काय?”

“काही नाही. खरंच सांगतो. करार बघा. जेवढे भाडेकरू अपात्र, तेवढी घरं मूळ मालकाच्या वाट्याला. बिल्डरला एक वीटही जास्त नाही.”

“आणि नऊ सप्टेंबरला आनंदाभाऊ कुठे होते?”

“इथेच. गणपतीला एसटीने गावी गेले, तसेच परत आले. गाडी ऑगस्टअखेर तयार होऊन चाळीखाली उभी होती, काचेला तात्पुरत्या नंबराचा कागद चिकटवून. आम्ही रोज चिडवायचो, बाळाचं बारसं कधी? पण पितृपंधरवडा लागला. भाऊ म्हणाले, पितरांच्या दिवसांत नव्या घराला नाव देणार नाही. घटस्थापनेला आरटीओत गेले. दसऱ्याला नंबरप्लेटला हळदकुंकू लावलं, हार राजेशने घातला, नारळ मी फोडला. सगळी चाळ खाली होती.”

भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून लटकत होतं. सुभद्राबाई उठल्या आणि सप्टेंबरचं पान वर केलं. त्यांचं बोट नऊ तारखेवर थांबलं. मग बावीसवर गेलं. मग त्यांनी आनंदांकडे हात पुढे केला.

“गाडीचं कार्ड द्या.”

कार्ड बघून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

“तुम्ही दोघं चारला परळच्या ऑफिसात या. न येणारा चोर, असं मी लिहून देईन.”

“ही धमकी आहे का?” राजेश म्हणाला.

“हो.”

*

ठाकूरद्वारला घरगाडीतून उतरेपर्यंत दीड वाजला. तिसऱ्या मजल्यावर पितळी पाटी होती. वर ‘राजलक्ष्मी जगन्नाथ विजयकर’, खाली ‘अच्युत जगन्नाथ विजयकर’. पाटी आजच घासल्यासारखी लखलखत होती.

अच्युत विजयकरांनी स्वतः दार उघडलं. सत्तरीचे, इस्त्रीचा झब्बा, आवाज मऊ. आनंदांना बघून त्यांनी दोन्ही हात धरले.

“अरे, काय ऐकतोय मी हे? बस, बस. वहिनी कुठे?”

“खाली, गाडीत.”

सुभद्राबाई बसल्या नाहीत. “घरगाडीच्या पत्त्याचं काम तुम्ही बघत होतात?”

“तक्ता करून दिला होता. पुदुच्चेरी, दमण, गोवा. कर, विमा, मतदान, तपासणी, प्रत्येकाचा फायदा-तोटा. निर्णय अर्थात त्याचा. माझं ऐकलं असतं तर...” त्यांनी खांदे उडवले.

“शेवटी काय ठरलं?”

“मला कळवलं नाही. संकोचला असेल.”

आनंदा ओशाळून हसले. ते खरं होतं. साहेबांचा सल्ला मानला नाही हे साहेबांना सांगायची त्यांना हिंमत झाली नव्हती.

“गाडी बघितलीत तुम्ही?”

“दसऱ्याला. दोघं सोनं द्यायला आले होते, तेव्हा खाली जाऊन पाहिली. पहिल्यांदाच. फार नीटनेटकी.”

“तुमच्याकडचा स्टँपपेपर?”

“फाडून टाकला. कोऱ्या सह्या घरात ठेवू नयेत.”

“कधी फाडलात?”

“तारीख कोण लक्षात ठेवतं?”

आतल्या खोलीतून काठी टेकत एक वृद्ध बाई आल्या. नव्वदीच्या तरी असतील. कानाला मात्र तिखट.

“कुठल्या खोलीचं चाललंय, अच्युत?”

“सत्तावीस नंबर, आजी,” सुभद्राबाई म्हणाल्या. “लालबागची.”

“सत्तावीस म्हणजे जिन्याला लागून. तिची खिडकी मागच्या गोठ्यावर उघडायची...”

“आई, तुझ्या गोळीची वेळ झाली.” अच्युतरावांचा आवाज अजूनही मऊच होता, पण ते घाईने उठले.

दार ओढून घेताना सुभद्राबाई म्हणाल्या, “चारला परळला याल का, साहेब? आनंदाभाऊंना धीर होईल.”

“येईन. आनंदासाठी येणारच.”

जिना उतरताना आनंदा म्हणाले, “बघितलंत? देवमाणूस.”

 सुभद्राबाई पायऱ्या मोजल्यासारख्या हळूहळू उतरत होत्या.

*

परळच्या त्या कार्यालयाचं नाव लिहायची गरज नाही. ज्यांनी तिथे चपला झिजवल्यात त्यांना ते पाठ आहे. चार वाजून पाच मिनिटांनी पात्रता अधिकारी खुर्चीत बसले. समोर आनंदा आणि शेवंतीवहिनी, मागे राजेश आणि वैभव, बाजूला पाय आवळून बसलेले अच्युत विजयकर.

“तुम्ही वकील आहात?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“टायपिस्ट आहे. अर्जदाराने लेखी मुखत्यार केलंय मला. हा कागद.”

“थोडक्यात बोला.”

“थोडक्यातच आहे. तुमच्याकडची मूळ प्रत टेबलावर ठेवा.”

अधिकाऱ्यांनी नाखुशीने फाइल उघडली.

“यात गाडीचा नंबर वाचा,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“४७१२. बरं, मग?”

“कागदाची तारीख?”

“नऊ सप्टेंबर.”

सुभद्राबाईंनी पर्समधून गाडीचं कार्ड काढून त्यांच्यापुढे सरकवलं. “आता याच्यावरची नोंदणीची तारीख वाचा.”

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. खाली केला.

“मोठ्याने, साहेब.”

“बावीस सप्टेंबर.”

अधिकाऱ्यांनी कार्ड उलटून पाहिलं.

“नऊ सप्टेंबरला या गाडीला नंबरच नव्हता,” सुभद्राबाई म्हणाल्या. “काचेला तात्पुरता कागद होता, त्यावर वेगळे आकडे. चार-सात-एक-दोन हे आकडे बावीस तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी मिळाले. जो नंबर तेरा दिवसांनी मिळणार होता, तो नऊ तारखेच्या कागदात कुठून आला? म्हणजे हा कागद नऊ तारखेचा नाही. मागाहून लिहून मागची तारीख टाकलीय.”

“पण लिहिला कुणी?” राजेश पुढे सरसावला. “पेपर तर आम्हा तिघांकडे होते.”

“तेच सांगते. हा लिहिणारा माणूस असा आहे, ज्याला वाटत होतं की गाडीला नंबर पहिल्यापासून आहे. टेम्पो जूनमध्ये घेतला, म्हणजे नंबरही तेव्हाच आला असणार. साधा हिशेब. कुठल्याही गाडीचं असंच होतं. पण या गाडीला आधी बॉडी बांधायची होती. आणि बॉडी झाल्यावरही नंबर घेतला नाही, कारण आनंदाभाऊ पितृपंधरवडा पाळतात. हे चाळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. राजेश, तू हार घातलास. वैभव, तू नारळ फोडलास. तुम्ही रोज चिडवत होतात, बारसं कधी म्हणून. तुम्ही दोघांनी खोटा कागद केला असता तर त्यात नऊ तारखेला हा नंबर घातलाच नसता. शिवाय तुमच्या डोक्यात पाँडिचेरी, आणि पुढे मुंबई. गाडीच्या पत्त्यासाठी गोव्याचं नाव आज दिवसभरात मी एकाच तोंडून ऐकलं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. अच्युत विजयकर झब्ब्याची बाही सरळ करत होते.

“मी तीन नावं घेतली होती,” ते म्हणाले. “गोवा त्यातलं एक. यावरून तुम्ही काहीही ठरवाल?”

“यावरून नाही. आनंदाभाऊ, साहेबांनी तक्त्यात खूण कुठल्या राज्यावर केली होती?”

 शेवंतीवहिनीच बोलल्या. “गोव्यावर. लाल पेनान. तक्तो गाडीत आसा, आणून दाखवू?”

“आणि गाडी तुम्ही पहिल्यांदा दसऱ्याला पाहिलीत, तुम्हीच सांगितलंत,” सुभद्राबाई म्हणाल्या. “पाहिलीत तीच प्लेट लावलेली. ती नवीन आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. गाडीत राहतो हे पटवायला तुम्ही नंबर घातलात. नुसतं गोव्याला गेलो लिहिलं असतंत तर मी आज काहीच करू शकले नसते.”

“मला यातून काय मिळणार?” अच्युतराव म्हणाले. “सांगा ना. माझा त्या चाळीशी संबंध काय?”

“तुमच्या आईंना विचारा. ठाकूरद्वारला बसून त्यांना लालबागची सत्तावीस नंबरची खिडकी कुठे उघडते ते माहीत आहे.” सुभद्राबाईंनी भाड्याची पावती टेबलावर ठेवली. “रा. ज. वि. इस्टेट. राजलक्ष्मी जगन्नाथ विजयकर. भाडेकरू अपात्र झाला की त्याचं घर मालकाच्या वाट्याला. करारात आहे. वैभव, आहे ना?”

“आहे,” वैभव पुटपुटला.

आनंदा उठून उभे राहिले. बावीस वर्षं ज्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं त्याच्याकडे बघत राहिले.

“साहेब, तुम्ही मालक? माझ्या खोलीचे?”

अच्युतरावांनी पहिल्यांदा नजर चुकवली. मग आवाज किंचित चढवला. “तू गाडीत राहतोस, आनंदा. आयुष्यभर गाडीतच राहणार आहेस. रिकाम्या खोलीचा तुला उपयोग काय? तुला मी तसंही काही कमी पडू दिलं नसतं.”

“गाडीतलं पाणी मी पंपावर भरतो, साहेब,” आनंदा म्हणाले. “कर्नाटकात पोलिसाने विचारलं, कुठले? मी म्हटलं लालबाग. त्याने जाऊ दिलं. उद्या काय सांगू? विजयकरसाहेब काही कमी पडू देत नाहीत, असं सांगू?”

 शेवंतीवहिनींनी नवऱ्याला दंडाला धरून खाली बसवलं. 

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. फाइल मिटली. एकदम सगळं सोपं झाल्यासारखे ते हसले.

“चला. गैरसमज दूर झाला. या गृहस्थांवर काय करायचं ते पोलीस बघतील. धुरींचं नाव आम्ही यादीत घेऊ. विषय संपला.”

“संपला कसा?” सुभद्राबाई म्हणाल्या. “अर्धाच चोर सापडलाय.”

“म्हणजे?”

त्यांनी फाइल स्वतःच पुन्हा उघडली आणि कोपऱ्यातल्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

“विजयकरांनी नंबर पाहिला दसऱ्याला. म्हणजे कागद लिहिला दसऱ्यानंतर. तोवर तुमची पंधरा सप्टेंबरची मुदत कधीच उलटली होती. पण तुमचा आवक शिक्का दहा सप्टेंबरचा आहे. विजयकरांच्या घरी तुमचा शिक्का नाही. तो तुमच्या कपाटात असतो.”

“क्लार्कची चूक असेल. शिक्क्याची तारीख कधीकधी अडकते.”

“अडकली तर एक दिवस अडकते. तीन आठवडे मागे जात नाही. आवक रजिस्टर आणा. दहा सप्टेंबरचं पान काढा.”

“ते तुम्हाला दाखवता येत नाही.”

“का नाही?”

अधिकाऱ्यांनी फाइल स्वतःकडे ओढली. दाराशी शिपाई चुळबुळत उभा होता. बाहेर बाकावर अजून अकरा माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात एकेक झेरॉक्स. आतला आवाज ऐकून ती एकेक करून दाराशी आली. शिपायाने त्यांना अडवलं नाही.

सुभद्राबाईंनी पर्समधून कोरा कागद काढला. स्टँपपेपर नव्हे, साधा. तो अधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि वर पेन ठेवलं.

“नाव यादीत घेतो, हे तोंडी नको. आधी आजच्या तारखेने लिहा की धुरी पात्र आहेत. त्याखाली लिहा, दहा सप्टेंबरचा शिक्का या कागदावर दसऱ्यानंतर कुणी मारला. आम्ही सगळे थांबलोय. सांगा साहेब, त्या दिवशी कपाटाची किल्ली कुणाकडे होती?”